मोहियोद्दीन वकिलांनी चिरूट सोडला त्याची गोष्ट

आता मी जे सांगणार आहे ते कुणालाही पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आणि पटलं असं कुणी म्हणालाच, तर तो माणूस माझ्याहून खोटारडा समजावा. पण एके काळी अख्ख्या निजामशाहीत माझ्यासारखं नाक नव्हतं. चिरुटाचा एक झुरका घेतला, की त्यातला तंबाखू कुठल्या नदीचं पाणी प्यायलाय, पान सकाळी खुडलंय की उन्हं कलल्यावर, आणि चिरूट वळणारा उजव्या हाताचा की डावखुरा, हे मी डोळे मिटून सांगत असे.

"डावखुरा कसा काय कळायचा?" रेणुकादास मास्तरांनी लगेच विचारलं.

"धूर डावीकडं वळायचा."

आम्ही नांदेडात जाहिदाच्या घरी सकाळपासून बसलो होतो. ईदचा दुसरा दिवस, दुपारची वेळ, बिर्याणी दमाला लावलेली, आणि पोटात कावळे. जाहिदा म्हणजे माझे जुने स्नेही मोहियोद्दीन वकील यांची मुलगी. वकीलसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली, पण ईदला या घरचं माझं ताट काही चुकलं नाही. रेणुकादास मास्तर हे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी समोरच्याच्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ ओढायची त्यांची खोड सुटलेली नाही. जाहिदा मधून मधून स्वयंपाकघरात जाऊन झाकण बघून येत होती आणि परत येऊन दारात टेकत होती.

"पंतचाचा, पण हे चिरुटाचं वेड तुम्हाला लागलं कुठं?" तिनं विचारलं.

"इथंच. तुझ्या अब्बांच्या बैठकीत. याच खोलीत."

"अब्बांच्या?" जाहिदाच्या भुवया वर गेल्या.

"आता मधे बोलू नको. बिर्याणीला दम, गोष्टीला पण दम."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. मी देगलूरहून नवाच नांदेडला आलो होतो आणि कचेरीत नक्कलनवीस म्हणून लागलो होतो. लोकांच्या दाव्यांच्या कागदांच्या नकला उतरवायच्या, एवढंच काम. कचेरीला सुट्टी शुक्रवारची. आणि शुक्रवारी दुपारी, जेवणं आटोपली की, मोहियोद्दीन वकिलांकडं चिरुटांची बैठक.

बैठक म्हणजे काय नुसतं धूर काढणं नव्हे. ती मुशायऱ्यासारखी भरायची. पांढरीशुभ्र चादर, लोड, तक्के आणि मधोमध चांदीच्या दाणीत पेटवलेली मेणबत्ती. बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणतंय, खिडकीतून डोळे दिपतायत, आणि आत ही शमा जळतेय! मुशायऱ्यात ज्या शायराची पाळी त्याच्यापुढं शमा सरकवतात ना, तसंच. ज्याच्यापुढं शमा आली त्यानं तिच्यावर चिरूट पेटवायचा, झुरका घ्यायचा आणि दाद द्यायची. नवखा माणूस आधी, उस्ताद शेवटी.

दादीच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. झुरका घेऊन माणूस गप्प बसला, तर तो चिरूट गटारात. 'खैर' म्हणाला, तर नोकरचाकरांनी ओढावा. 'वा' म्हणजे बरा. 'वाहवा' म्हणजे पाहुण्यांसाठी जपून ठेवावा. त्याच्या वर 'सुभानल्ला'. आणि सगळ्यांत वर 'मुकर्रर'. म्हणजे पुन्हा एकदा! शेर आवडला की पुन्हा म्हणायला लावतात, तसा झुरका पुन्हा मागायचा. मी तिथं बसलो त्या तीन वर्षांत 'मुकर्रर' फार थोड्या चिरुटांना मिळाला, आणि ते सगळे क्यूबातल्या हवानाचे होते.

"एकच चिरूट सगळ्यांनी ओढायचा?" मास्तर म्हणाले. "त्या काळात? तुम्ही देगलूरचे ब्राह्मण, ते मुसलमान, आणखी कोण कोण..."

"कापडवाले मन्मथअप्पा लिंगायत. फारसी शिकवणारे निजामोद्दीन मौलवी. अहो मास्तर, ओठ लावायचाच नाही! चिरूट बोटांच्या बेचक्यात धरायचा आणि मुठीतून ओढायचा, चिलमीसारखा. धूर तेवढा आत. धुराला कुठली आलीय जात? टोक सुद्धा आम्ही अडकित्त्यानं कातरत होतो. सुपारी कातरावी तसं, कट्!"

वकीलसाहेबांचे चिरूट मुंबईहून हैदराबादेस आणि हैदराबादेहून आगगाडीनं नांदेडला यायचे. बाजारात सगळे चिरूटच म्हणायचे, पण वकीलसाहेबांसमोर कुणी 'चिरूट' म्हटलं की ते दुरुस्त करायचे, "सिगार कहिए, जनाब." आता नांदेडच्या उन्हाळ्यात सिगार म्हणजे दोन दिवसांत पापड. म्हणून त्यांनी युक्ती काढली. घडवंचीवर पाण्याचे माठ असायचे, त्या माठांच्या खाली, पाझराच्या गारव्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून सिगारींची पेटी ठेवायची. सिगारी झकास राहायच्या. फक्त घरातल्या पाण्याला तंबाखूचा वास यायला लागला.

आणि इथं गोष्टीत साबेराभाभी येतात. जाहिदाची अम्मी. त्या चिलमनीच्या, म्हणजे बांबूच्या पडद्याच्या, आड असायच्या. बैठकीत कधी आल्या नाहीत, पण त्यांचं बोलणं बैठकीत यायचं. "आज सरबताला कुठल्या सिगारीचा वास हवाय म्हणावं, विचारून या." दह्याला धूर, लोणच्याला धूर. पिंजऱ्यातला पोपट 'आदाब' म्हणायच्या आधी दोनदा खोकायचा, तोही हुबेहूब वकीलसाहेबांसारखा घसा खाकरून. भाभींनी किती वेळा सांगितलं असेल, "सोडा हो हे." वकीलसाहेब म्हणायचे, "सोडतो की. याहून चांगली चीज सापडली की सोडतो." आणि हवानाहून चांगली चीज नांदेडला कोण आणणार?

आणली. लातूरच्या बापूसाहेबांनी आणली.

बापूसाहेब हे लातूरचे अडते. करडई, भुईमूग, जवस. माणूस आडवा, मिशा उभ्या, डोक्याला जरीचा पटका. एका दाव्यासाठी सर्व्हिस मोटारीनं नांदेडला आले होते. वकीलसाहेबांनी पाहुणा म्हणून शुक्रवारी बसवून घेतलं. नवखा म्हणून शमा आधी त्यांच्यापुढं गेली. वकीलसाहेबांनी खास पेटीतली हवाना काढली. बापूसाहेबांनी मूठ करून झुरका घेतला, धूर तोंडात घोळवला, छताकडं सोडला.

आम्ही सगळे पुढं सरकलो.

"खैर," बापूसाहेब म्हणाले.

मन्मथअप्पांच्या हातातला अडकित्ता पडला. निजामोद्दीन मौलवींनी तर कानांना हात लावला. वकीलसाहेब एकदम सरळ बसले.

"बापूसाहेब, आपण काय म्हणालात?"

"खैर म्हनलो. गवत बरं हाय, पर गवतच हाय. आमच्या लातुरात याच्यापेक्षा लई सरस मिळतंय."

"लातुरात? लातुरात करडई मिळते."

"करडई बी मिळती आन् हे बी मिळतंय." त्यांनी बंडीच्या खिशातून एक चिरूट काढला. काळाकुळकुळीत, जाडजूड, मधे थोडासा वाकलेला, जसा काही विचार करत असलेला. "निपाणीचा तंबाखू. आमचा मडिवाळप्पा वळून देतो. वर्षभर गुळाच्या ढेपांमधे पुरून ठेवतो आमी. नाव 'लातुरी'."

वकीलसाहेब हसले. ते हसले की समोरचा वकील कोर्टात पाणी मागायचा. "बापूसाहेब, या बैठकीत ही लातुरी जर वरचा दर्जा घेऊन गेली ना, तर मी मोहियोद्दीन, आजपासून सिगारीला हात लावणार नाही. जिंदगीभर."

चिलमनीच्या आड बांगड्या वाजल्या. एकदम थांबल्या.

"आन् न्हाई गेली," बापूसाहेब म्हणाले, "तर दर शुक्रवारी लातूरहून येऊन ही मेणबत्ती मी हातात धरून उभा राहीन. पर एक हाय वकीलसाहेब. तुमची ही दाद आपल्याला मान्य न्हाई. तुमच्या घरचं सरबत पिऊन, तुमच्या लोडाला टेकून, तुमच्या तोंडावर कोन 'वाहवा' म्हननार न्हाई? आमच्या पद्धतीनं करा. उपरण्याखाली."

आता लातूरच्या अडतीतली ती पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं धरायची. एक धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरून दाबला तर पाच. भोवती शंभर माणसं उभी असोत, भाव दोघांनाच कळतो. आणि एकदा पंजा धरून दाबला की सौदा पक्का, खुद्द ब्रह्मदेव आला तरी मागं घेता येत नाही.

"मंजूर," वकीलसाहेब म्हणाले. "पंजा दिला तर लातुरी जिंकली. पंज्यापेक्षा एक बोट कमी, तर मी जिंकलो. चव घेणार कोण?"

दोघांनीही एकदम माझ्याकडं पाहिलं. मी देगलूरचा. ना नांदेडचा, ना लातूरचा. शिवाय नाक माझं.

"अन् उपरण्याखाली हात कुणाचा?" मन्मथअप्पांनी विचारलं.

बापूसाहेबांनी आपलं उपरणं झटकून पसरलं. "वकीलसाहेबांचाच. त्यांच्या हाताला कोन खोटं सांगंल?"

आता खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात करंगळी पक्की करून बसलो होतो. एकच बोट, तेही करंगळी. का? अहो, वकीलसाहेबांनी सिगार सोडली तर माझी दर शुक्रवारची हवाना सुटते! नक्कलनवीसाच्या पगारात हवाना म्हणजे चंद्रावरची ज्वारी. माझी करंगळी, वकीलसाहेबांची सिगार आणि माझी शुक्रवारची दुपार, ही तिन्ही मी एकाच गाठोड्यात बांधलेली होती.

शमा माझ्यापुढं आली. उपरण्याखाली वकीलसाहेबांनी डावा हात ठेवला. त्यांच्या उजव्या हातात त्यांची स्वतःची हवाना जळत होती, अर्धी झालेली. मी लातुरी पेटवली आणि मूठ केली.

पहिल्या झुरक्यात मला निपाणीचं शेत दिसलं. दुसऱ्यात त्या शेतावरची विहीर दिसली. तिसऱ्यात त्या विहिरीत मी स्वतः पडलेला दिसलो.

"तीन झुरके कशाला घेतले?" मास्तर म्हणाले.

"दुसरा आणि तिसरा मी घेतले नाहीत, मास्तर. ते त्या चिरुटानंच घेतले, माझ्या आतून."

आणि मग मला ठसका लागला. ठसका म्हणजे असातसा नव्हे. नाकातून धूर, कानांतून धूर, बंडीच्या काजांतून धूर. तो धूर खिडकीतून बाहेर पडला तो थेट गोदावरीवर. घाटावरच्या परटांनी आभाळ भरून आलं म्हणून वाळत घातलेली धुणी गोळा केली. स्टेशनात उमरीकडं निघालेली गाडी उभी होती. ड्रायव्हरला वाटलं मागं दुसरं इंजिन जोडलं, त्यानं शिट्टी देऊन विचारलं, आणि मी इकडून खोकून उत्तर दिलं. गाडी सुटली!

जाहिदा दाराला धरून हसत होती. मास्तर चष्मा पुसत होते.

हसा. पण माझी हालत बघा. माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो. माझ्या हाताला काय लागलं? उपरण्याखाली वकीलसाहेबांचा हात. मी तो पकडला. अख्खा पंजा! आणि नुसता पकडला नाही, प्राण जातोय म्हणून असा दाबला की वकीलसाहेबांची अंगठी बोटात रुतली.

माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. 'चुकून झालं' म्हणावं तर तोंडातून शब्द निघेना, नुसता धूर निघे. म्हणून मी जोरजोरानं मान हलवायला लागलो. नाही, नाही, नाही!

पण बैठक कुठली? मुशायऱ्याची! तिथं मान हलवणं म्हणजे काय? झिंगून दिलेली दाद! निजामोद्दीन मौलवी पुढं सरकले, "देखिए, पंत कैसे झूम रहे हैं!" मी आणखी जोरानं मान हलवली. मन्मथअप्पा म्हणाले, "आयुष्यात एवढी दाद बघितली न्हवती हो." मी दोन्ही हात हवेत नाचवले. बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला मडिवाळप्पा आज इथं हवा होता, म्हणाले.

मग हळूहळू धूर विरला. सगळ्यांचे डोळे वकीलसाहेबांकडं लागले. कारण बाकीचं सगळं दिसलं असलं तरी उपरण्याखाली काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या मला बोलता येत नव्हतं.

आता ऐका. तो माणूस नांदेडचा सगळ्यांत बिलंदर वकील. त्याच्या हातात अर्धी हवाना. त्यानं फक्त 'चार' म्हणायचं होतं. कोण नाही म्हणणार होतं? बापूसाहेबांचं उपरणं काही साक्ष द्यायला उठलं नसतं. मी तर डोळ्यांनी त्यांना विनवत होतो, म्हणा चार, म्हणा दोन, म्हणा करंगळी!

वकीलसाहेबांनी हातातल्या हवानाकडं पाहिलं. तिच्यावर चांगली लांब राख धरली होती, न पडता. मग त्यांनी उपरण्याकडं पाहिलं. एक मोठा श्वास घेतला, आणि हळूच म्हणाले,

"पाँच."

आणि तेवढ्यात चिलमनीच्या आडून, त्या बैठकीत कधीही न उमटलेला आवाज खणखणीत उमटला,

"मुकर्रर!"

वकीलसाहेब वळले. "बेगम, मुकर्रर म्हणजे पुन्हा एकदा. पुन्हा सांगू?"

"हौ, सांगा की. जरा मोठ्यानं सांगा. पोपटालाही ऐकू जाऊ द्या."

"पाँच!" वकीलसाहेब ओरडले, आणि मग स्वतःच इतके हसायला लागले की राख चादरीवर पडली. त्यांनी ती अर्धी हवाना पानदानाच्या झाकणात दाबून विझवली. आतून शीरखुर्म्याचे कटोरे आले. ईद नव्हती, काही नव्हतं, पण शीरखुर्मा आला, आणि तो बापूसाहेबांच्या कटोऱ्यात सगळ्यांत जास्त काजू घालून आला. बापूसाहेब म्हणाले, "वैनी, आमी लातूरला जाऊन सांगतो, नांदेडचा माणूस हातात हात दिल्यावर फिरत न्हाई." आणि वकीलसाहेब फिरले नाहीत. पुढच्या शुक्रवारी शमा पेटली ती खरबुजांपुढं. गोदावरीच्या वाळवंटातली खरबुजं, फोडी करून, एकेक फोड आणि 'वाहवा'. माझं नाक तिथं काही कामाचं नव्हतं. मी मुकाट्यानं बिया टिपत बसायचो.

अशी ही गोष्ट. मी थांबलो आणि पाण्याचा घोट घेतला.

जाहिदा हनुवटीवर बोट ठेवून विचार करत होती. "पंतचाचा, पण मी अब्बांच्या हातात चिरूट कधी म्हणजे कधीच बघितला नाही. अम्मीच्या तोंडून नाव सुद्धा ऐकलं नाही. शेजारी कुणी अगरबत्ती लावली तरी अब्बा खिडकी उघडायचे."

"धरलं!" रेणुकादास मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "दत्तोपंत, धरलं तुम्हाला!"

"काय धरलं? मास्तर, इतकी वर्षं मुलांना काय शिकवलंत? पोरीनं चिरूट कधीच बघितला नाही, म्हणजे काय सिद्ध झालं? वकीलसाहेबांनी शब्द पाळला, हेच सिद्ध झालं! तिचा जन्म त्याच्या पुढच्या सालचा. तिनं जर बघितला असता तर माझी गोष्ट खोटी. नाही बघितला, म्हणून खरी."

बिचाऱ्या मास्तरांनी दोनदा बोट वर केलं आणि दोनदा खाली घेतलं. जाहिदाचा चेहरा मात्र उजळला होता. "अब्बांनी खरंच खोटं नाही सांगितलं? एकट्यालाच ठाऊक असून?"

"नाही सांगितलं, बेटा. असा माणूस होता."

"पुरावा?" मास्तर शेवटी म्हणाले. "मुलीला गहिवर आणू नका, पुरावा द्या."

याची मला अपेक्षा होतीच. मी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि रेशमी रुमालाची घडी काढली. हळूहळू, एकेक पदर उलगडला. आत ती होती. तपकिरी, सुरळी वळलेली, बोटभर लांब, एक टोक जळलेलं.

"हीच ती अर्धी हवाना," मी आवाज खाली आणून म्हणालो. "वकीलसाहेबांनी विझवलेली. त्या दिवशी पानदानाच्या झाकणातून मी उचलली आणि आजवर उराशी जपली. वास आता बदललाय, वयामुळं माझाही बदललाय. पण मास्तर, दुरूनच पाहा. हात लावू नका, भुगा होईल."

मास्तर खरोखरच हात मागं घेऊन वाकले. भाविकपणानं वाकले, म्हटलं तरी चालेल. त्यांच्या खांद्यावरून जाहिदा वाकली. तिनं एकदा रुमालाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि नाकपुड्या जराशा फुगवून एक श्वास घेतला. मग कमरेवर हात ठेवून सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पंतचाचा! टोक जाळून आणलं म्हणून काय झालं, ही माझी दालचिनी आहे! सकाळी मसाल्याच्या डब्यातून गेलेली, आणि मी तासभर त्या बिचाऱ्या मांजरीला शिव्या घालून राहिले होते!"